वर्गातली स्पेस क्विझ : दोन हुशार पोरांची नाही, अख्ख्या वर्गाची

शाळेत क्विझ म्हटलं की दरवेळी तेच होतं, पुढच्या बाकावरची दोन-तीन पोरं पटापट उत्तरं देतात आणि बाकीचा वर्ग नुसता टाळ्या वाजवतो. अवकाशासारखा विषय, ज्यात शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा डोळे मोठे करून ऐकतं, त्यातही असंच झालं तर फार वाईट वाटतं. म्हणून मी आता बझर आणि "आधी हात वर करेल त्याला चान्स" हे दोन्ही पूर्ण बंद केलंय.

त्याऐवजी असं करा. चार-चार जणांच्या टीम, त्यापण चिठ्ठ्या टाकूनच, नाहीतर मित्र-मित्र एकत्र बसतात आणि एकच टीम भारी होते. प्रत्येक टीमला एक पाटी किंवा कोरे कागद आणि जाड पेन. प्रश्न विचारला की एक मिनिट आपापसात चर्चा, मग उत्तर लिहायचं आणि मी "दाखवा" म्हटलं की सगळ्यांनी एकदमच वर धरायचं. नुसत्या बरोबर उत्तराला १ मार्क, "का" ते नीट सांगितलं तर अजून २. "का" कोण सांगणार ते मी ठरवतो, दरवेळी टीममधलं वेगळं पोरगं, त्यामुळे ज्याला येतं त्याला बाकीच्या तिघांना समजावून सांगावंच लागतं, आणि खरं शिकणं त्या एका मिनिटातच होतं. निगेटिव्ह मार्किंग अजिबात नको, त्याने पोरं गप्प होतात.

आता प्रश्न, कारण क्विझ चांगली की कंटाळवाणी ते इथेच ठरतं. एकदा मी विचारलं होतं, शनीला चंद्र किती? माझ्याकडचा आकडा जुन्या पुस्तकातला होता, एका मुलीने वेगळा लिहिला आणि मी तिला शून्य दिलं, घरी जाऊन बघतो तर तिचं बरोबर. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली आणि मार्क दिले. २०२५ मध्ये शनीचे एकदम १२८ नवे चंद्र मान्य झाले आणि आकडा २७४ वर गेला, पुढे अजून बदलेल. तेव्हा बदलणारे आकडे प्रश्नात नकोतच, आणि घ्यायचेच असतील तर वर्ष लिहा. शब्दही तपासून घ्या. चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलं ते साधारण ६९ अंश दक्षिणेला, म्हणजे दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात, "दक्षिण ध्रुवावर" असं प्रश्नात लिहिलं तर प्रश्नच चुकला.

पहिला राउंड खरं-खोटंचा ठेवा, पण ज्यात बहुतेक जण फसतात असाच. उदाहरणार्थ, स्पेस स्टेशनमध्ये अंतराळवीर तरंगतात कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. जवळजवळ सगळा वर्ग "खरं" लिहितो. मग सांगायचं की स्टेशन फक्त ४०० किमी वर आहे, तिथे जमिनीवरच्या ९० टक्के गुरुत्वाकर्षण असतंच, पण स्टेशन ताशी साधारण २८,००० किमी वेगाने जातंय, म्हणजे ते सतत पडतंय आणि पडता पडता पृथ्वीला वळसा घालतंय, आतली माणसंही त्याच्याबरोबरच पडतायत म्हणून तरंगल्यासारखी दिसतात. अजून दोन देतो : सूर्याला सगळ्यात जवळचा बुध, म्हणून तोच सगळ्यात गरम ग्रह (खोटं, शुक्र, त्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या जाड वातावरणामुळे तिथे ४६० अंशांच्या वर तापमान असतं). आणि पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उन्हाळा होतो (हेही खोटं, आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असतो, ऋतू होतात ते आसाच्या साडेतेवीस अंश कलण्यामुळे).

दुसरा राउंड माझा सगळ्यात लाडका, याला जास्त वेळ ठेवाच. एक बास्केटबॉल ही पृथ्वी, टेनिसचा बॉल हा चंद्र, आकाराचं प्रमाण जवळपास बरोबर बसतं. आता प्रत्येक टीममधल्या एकाने चंद्र घेऊन तो पृथ्वीपासून जितक्या लांब असायला हवा असं वाटतं तिथे जाऊन उभं राहायचं. बहुतेक पोरं हातभर नाहीतर दोन हातांवर थांबतात, पुस्तकातल्या चित्रात तसंच असतं ना. खरं अंतर ३,८४,४०० किमी, म्हणजे मध्ये ३० पृथ्व्या ओळीने बसतील, म्हणजे आपल्या बॉलच्या हिशोबाने ७ मीटरच्या थोडं पुढे! टेपने मोजून दाखवा, वर्ग पुरला नाही तर व्हरांड्यात जा. ज्या टीमचा अंदाज सगळ्यात जवळचा तिला ३ मार्क. मग लगेच विचारा, याच मापात स्पेस स्टेशन कुठे? बॉलच्या पृष्ठभागापासून पाऊण सेंटीमीटरवर, बोट चिकटवल्यासारखं. आणि सूर्य? २६ मीटर व्यासाचा गोळा, पावणेतीन किलोमीटरच्याही पुढे. इथे वर्गात जी शांतता होते ना त्यासाठीच मी हे सगळं करतो.

तिसरा राउंड क्रम लावण्याचा, हा झटपट उरकतो. चार चिठ्ठ्या द्या : प्रवासी विमान, स्पेस स्टेशन, भूस्थिर उपग्रह (पृथ्वीवरून बघताना आकाशात एकाच जागी दिसणारा), चंद्र. जवळून लांब असा क्रम आणि शेजारी अंदाजे अंतर लिहायचं (१० किमी, ४०० किमी, ३६,००० किमी, चौथं आता माहितीच आहे).

टाय झाला तर अंदाजाचा एकच प्रश्न : सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला किती सेकंद? साधारण ५००, जो जवळ तो जिंकला.

दोन तासिका जोडून मिळाल्या तर उत्तम, एकच असेल तर तिसरा राउंड सोडा, पण उत्तरं समजावण्याचा वेळ कापू नका. आणि प्रश्न मराठीतच विचारा, गुरुत्वाकर्षण, कक्षा, धूमकेतू हे शब्द पोरांना येतात, नसेल येत तर तिथेच फळ्यावर लिहा.

तारखेचं एक. शक्यतो अमावस्येनंतर चार-पाच दिवसांनी क्विझ ठेवा कारण तेव्हा संध्याकाळी चंद्र पश्चिमेला छान दिसतो आणि शेवटचा प्रश्न घरी देता येतो : आज ठरलेल्या वेळी चंद्र कुठे आहे ते झाड किंवा इमारत धरून कागदावर काढा, उद्या त्याच वेळी, त्याच जागेवरून पुन्हा बघा, आणि हात लांब करून मूठ धरून मोजा की तो किती मुठी सरकला आणि कुठल्या दिशेला. एक मूठ साधारण १० अंश, आणि चंद्र एका दिवसात १२-१३ अंश पूर्वेला सरकतो, म्हणजे एका मुठीपेक्षा थोडं जास्त. हे उत्तर मात्र आधी सांगू नका, परवा कागद गोळा करा आणि मार्क तेव्हाच द्या.