घरी गाडी रंगवायला शिकताना या चुका टाळा

गाडीचे एखादे फेंडर (चाकावरचा पत्रा) किंवा दार घरी रंगवून पाहणाऱ्याचे सारे लक्ष स्प्रे गन कशी चालवावी याकडे असते. प्रत्यक्षात रंगात दिसणाऱ्या बहुतेक दोषांचे मूळ गन हातात घेण्यापूर्वीच पडलेले असते. म्हणूनच दोष दिसताच वरून रंगाचा आणखी एक हात (थर) मारला, तर तो झाकला जाण्याऐवजी बहुधा वाढतो.

पहिली मोठी चूक लांबी, म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायची पुट्टी, घासताना होते. गाडीसाठी वापरली जाणारी पॉलिएस्टर लांबी पाणी शोषून घेते. ती पाणी लावून घासली आणि पुरती वाळण्याआधी त्यावर प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात) मारला, तर आत अडकलेला ओलावा पुढे उन्हात रंगाला फोड आणतो आणि खालच्या पत्र्याला गंज चढू लागतो. लांबी कोरडीच घासावी. सुरुवात 80 नंबरच्या पॉलिश पेपरने करून 180 आणि मग 320 असा क्रम ठेवावा. मधला नंबर गाळल्यास जाड पेपरचे ओरखडे रंग वाळून आक्रसल्यानंतर काही दिवसांनी वर उमटतात. पाणी लावून घासायचे ते प्रायमर चढल्यावर, 600 ते 800 नंबरच्या वॉटर पेपरने. फोड आलेच, तर तेवढा भाग पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा सुरुवात करण्याला पर्याय नाही.

रंग मारताच त्यात लहान गोल खड्डे उघडू लागले, तर पत्र्यावर सिलिकॉन किंवा तेलकट अंश राहिला आहे असे समजावे. डॅशबोर्ड आणि टायर चमकवणाऱ्या पॉलिशमध्ये बहुतेक वेळा सिलिकॉन असते; त्याचा फवारा त्याच जागेत उडाला असेल, तरी तो पत्र्यावर बसू शकतो. पत्रा घासण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा स्वच्छ करावा, कारण आधी न पुसता घासल्यास तो अंश ओरखड्यांमध्ये रुतून बसतो. साबणाच्या पाण्याने धुऊन पत्रा वाळवावा, मग मेण आणि तेल काढणारे द्रावण एका फडक्याने लावून ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. खड्डे दिसल्यावर थांबणे कठीण जाते, पण थांबावेच. ओल्या रंगावर आणखी रंग टाकल्याने ते बुजत नाहीत.

जुन्या गाडीवर आधी कोणता रंग मारला आहे हे माहीत नसताना थेट नवा रंग मारणे धोक्याचे आहे. नजरेआड असलेल्या कोपऱ्यात थिनरचे फडके घासून पाहावे. कारखान्यातला भाजलेला रंग सहसा टिकून राहतो. रंग विरघळू किंवा सुरकुतू लागला, तर वरून मारलेल्या नव्या रंगातला थिनर त्यालाही उचलेल आणि सगळा पृष्ठभाग आकसून जाईल.

हवामानाचा विचार आपल्याकडे फार कमी केला जातो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मारलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून वाळणारा) रंग दुधाळ, पांढरट दिसू लागतो. सावकाश उडणारा थिनर थोडा मिसळल्यास दोष कमी होतो, पण माझ्या मते जून ते सप्टेंबर हे काम हाती घेऊच नये. याउलट विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात रंगाचे थेंब पत्र्यावर पोहोचण्याआधीच सुकू लागतात आणि हात खरखरीत बसतो. हवेतला ओलावा कॉम्प्रेसरच्या टाकीतही पाणी होऊन साठतो; ते काम सुरू करण्यापूर्वी सोडून द्यावे.

गन चालवण्यातल्या चुका त्या मानाने लवकर सुधारतात. गन पत्र्यापासून साधारण 15 ते 20 सेंटिमीटरवर आणि पत्र्याला काटकोनात ठेवावी, ट्रिगर पत्र्याच्या कडेबाहेर दाबावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. हात कमानीत फिरवल्यास मध्ये रंग जाड आणि कडांना विरळ बसतो. हवेचा दाब ट्रिगर दाबून धरलेला असतानाच बघावा. घरगुती कॉम्प्रेसरचा दाब गन सुरू होताच खाली येतो, थेंब मोठे होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. ओघळ आल्यास तो ओला असताना बोटाने किंवा फडक्याने पुसू नये. पुरता वाळू देऊन ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पेपरने सपाट करावा. रंगाच्या दोन हातांमध्ये पाच-दहा मिनिटे, किंवा डब्यावर सांगितले असेल तितका वेळ सोडावा, अन्यथा आत कोंडलेला थिनर बाहेर पडताना टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडतो. शिकण्यासाठी चंदेरी मेटॅलिक रंग निवडू नये, कारण त्यातले धातूचे कण किंचितही कमी-जास्त बसले की पट्टे दिसतात. भंगारातून आणलेल्या जुन्या फेंडरवर साधा रंग मारून हात बसवणे उत्तम.

एक चूक मात्र घासून दुरुस्त होत नाही. हार्डनर (रंग कडक करणारे द्रावण) मिसळून वापरल्या जाणाऱ्या पीयू (पॉलीयुरेथेन) रंगात आणि लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, आयसोसायनेट ही घातक रसायने असतात. ती श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. त्यांचा वास धोक्याची सूचना वेळेत देत नाही. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे; बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसल्यास असे रंग घरी फवारू नयेत आणि तेवढे काम गॅरेजला द्यावे. हार्डनर नसलेल्या साध्या रंगासाठीही बाष्पाचा योग्य फिल्टर असलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेत. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून बंद जागेत किंवा ठिणगी उडवणाऱ्या स्विचजवळ काम करू नये.

लॅकर वाळल्यावर चकाकी आणण्याची घाईही नडते. कंपनीने सांगितलेला वेळ गेल्यावरच 2000 नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासून रबिंग कंपाउंड (चकाकी आणणारी घासायची पेस्ट) लावावे, कडांवर जोर देऊ नये, आणि हवेवर वाळवलेल्या रंगावर निदान महिनाभर मेणाचे पॉलिश चढवू नये. आतला उरलेला थिनर तोवर बाहेर पडत असतो.