मराठवाड्याच्या हवेत कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक रंगवताय? या चुका टाळा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन आलेला हात जलरंगाला आणि पोस्टर कलरला सरावलेला असतो. रंग घट्ट वाटला की पाणी, ब्रश अडला की पाणी, चुकलं की ओला ब्रश फिरवून रंग उचलायचा. तोच हात अ‍ॅक्रिलिकची ट्यूब घेऊन कॅनव्हाससमोर उभा राहिला की तक्रारी सुरू होतात. रंग फिका आला, पापुद्रा निघाला, छटा मिसळायच्या आतच वाळून गेला. मग सगळा दोष ट्यूबवर जातो आणि महागडे रंग मागवले जातात. माझं मत स्पष्ट आहे: यातल्या बहुतेक तक्रारी रंग बदलून जात नाहीत. अ‍ॅक्रिलिक वाळतो कसा, हे कळलं की जातात. आणि आपल्या मराठवाड्यात तो वाळतोही वेगळा.

या रंगात रंगद्रव्याची पूड आणि अ‍ॅक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडालं की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचा सलग, लवचिक थर होतो आणि रंगद्रव्य त्यात अडकून बसतं. हा थर एकदा बनला की पाण्याने परत विरघळत नाही. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, हवा खडखडीत कोरडी. पाणी बघता बघता उडतं. मुंबईच्या दमट हवेत किंवा युरोपातल्या थंड स्टुडिओत केलेल्या व्हिडिओतली वेळेची गणितं इथे जमत नाहीत, ती पाठ करू नका.

पाणी ओतत राहणं

सगळ्यात जास्त चित्रं यानेच बिघडतात. रंगात भरमसाट पाणी घातलं की चिकटणारे कण विरळ होतात आणि रंगद्रव्य धरून ठेवायला पुरेसं काही उरत नाही. वाळल्यावर तो भाग खडूसारखा, निस्तेज दिसतो आणि पुढचा ओला हात फिरला की खालचा रंग उचलला जातो. तपासायचं असेल तर कापसाचा ओला बोळा कोपऱ्यावर हलकेच घासून बघा. बोळ्याला रंग लागला तर तो थर कच्चा आहे. त्यावर अ‍ॅक्रिलिक मीडियमचा (रंगद्रव्य नसलेल्या अ‍ॅक्रिलिकचा) पातळ हात मऊ ब्रशने, न घासता द्या, वाळू द्या आणि मगच पुढे रंगवा.

ब्रश सहज फिरावा एवढ्यापुरतं पाणी चालतं. त्याहून पातळ, जलरंगासारखा झिरपता रंग हवा असेल तर पाण्याऐवजी ग्लेझिंग मीडियम घाला. मीडियम म्हणजे रंगद्रव्याशिवायचं तेच अ‍ॅक्रिलिक, त्यामुळे रंग पारदर्शक होतो पण पकड सुटत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जातीची. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, त्यातलेच क्षार पातळ गडद रंगाच्या थरातही मागे राहू शकतात. काळ्या-निळ्या पार्श्वभूमीवर पांढुरकी झाक आली तर हे एक कारण तपासून बघा. रंगात मिसळायला फिल्टरचं पाणी घ्या. ब्रश धुवायला बोअरचं चालेल.

बाजारचा कॅनव्हास तसाच वापरणं

दुकानातून आणलेला तयार कॅनव्हास ट्यूबलाइटसमोर धरा. विणीतून प्रकाशाचे बारीक ठिपके दिसले तर त्याला अस्तर पुरेसं नाही. असं कापड रंग पिऊन टाकतं, ब्रश ओढला जातो आणि एका लाल पट्ट्याला तीन हात द्यावे लागतात. उपाय स्वस्त आहे: जेसोचे, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला लावायच्या अस्तराचे, दोन हात. पहिला आडवा, तो पूर्ण वाळला की दुसरा उभा. मध्ये 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, नाकातोंडाला रुमाल बांधा आणि पूड ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्यानंतर कॅनव्हास एक दिवस तसाच राहू द्या.

जेसो महाग म्हणून भिंतीची पुट्टी लावणारे बरेच भेटतात. कृपा करून हे करू नका. भिंत हलत नाही, कापड हलतं. सिमेंटची पुट्टी कडक होते. फ्रेम उचलली, मागून बोट लागलं, पावसाळ्यात कापड सैल झालं की तिला तडा जातो आणि वरचा रंग तिच्यासोबत निघतो.

विकत घेताना वेष्टनावरही नजर टाका. काही कॅनव्हास खास तैलरंगासाठी तेलाचं अस्तर लावलेले असतात. त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पाण्याचे थेंब गोळा होऊन सरकतात. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही.

पंख्याखाली बसून छटा मिसळणं

आकाशाची छटा वरून गडद, खाली फिकी न्यायची असते आणि मधोमध कडक रेघ उमटते, कारण वरचा रंग केव्हाच वाळलेला असतो. ओला ब्रश फिरवत राहिलात तर अर्धवट वाळलेला रंग फाटतो आणि चित्रावर गोळे येतात. अशा वेळी हात थांबवा, तो भाग पूर्ण वाळू द्या आणि वरून नवा थर द्या. अ‍ॅक्रिलिकमध्ये चूक झाकता येते, ही त्याची मोठी सोय आहे.

मुळात वाळण्याचा वेग कमी करायचा असेल तर आधी पंखा बंद करा. उकडेल, पण दुसरा मार्ग नाही. कूलरमुळे हवेत ओलावा येतो, तो कामाचा आहे. फक्त झोत चित्रावर किंवा पॅलेटवर नको. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री काम करा. कॅनव्हासवर आधी पाण्याचा बारीक फवारा मारून मग रंग लावला तर मिसळायला थोडा जास्त वेळ मिळतो. पॅलेटसाठी झाकणाच्या डब्यात ओलं सुती फडकं पसरा, वर बेकिंगचा कागद ठेवा आणि रंग त्यावर काढा. झाकण लावलं की भर उन्हाळ्यातही रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला राहतो. रंग वाळणं लांबवणारं रिटार्डर मिळतं, पण बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा एक थेंब जास्त नको. जास्त झालं तर रंग कित्येक दिवस चिकट राहतो आणि आपल्याकडची धूळ त्याच्यावर येऊन बसते.

याच्या उलट चूकही होते. पेंटिंग नाइफने (रंग थापायच्या पातीने) जाड रंग लावायचा आणि लवकर वाळावा म्हणून चित्र गच्चीवर उन्हात ठेवायचं. वरची साय लगेच घट्ट होते, आत रंग ओलाच असतो, आणि आक्रसताना वरचा भाग फाटतो. जाड थर सावलीत ठेवा आणि एकदम देण्यापेक्षा दोन-तीन वेळा द्या.

थंडीचाही विचार करा. साधारण 10 अंशांच्या खाली हे कण नीट जुळून येत नाहीत, थर ठिसूळ राहतो. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे रात्री पारा त्याच्याही खाली उतरतो, म्हणून ताजं चित्र ओसरीत किंवा पडवीत रात्रभर ठेवू नका.

ओल्या रंगावर विश्वास

ट्यूबमधलं बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिक, ओलं असताना दुधाळ असतं, वाळल्यावर स्वच्छ पारदर्शक होतं. त्यामुळे प्रत्येक रंग वाळल्यावर थोडा गडद दिसतो. चेहऱ्याची छटा आज जुळवून उद्या त्याच ओल्या छटेने दुरुस्त केली तर डाग उठून दिसणारच. जेसो लावलेल्या कापडाच्या तुकड्यावर ठिपका द्या, वाळू द्या, मग जुळवा. आणि पिवळा काळ्यावर झाकत नाही, तो कमी प्रतीचा असतो म्हणून नव्हे, बरेच पिवळे मुळातच पारदर्शक असतात म्हणून. तिथे आधी पांढरा द्या, वर पिवळा.

वार्निशची घाई

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, निजामाच्या राजवटीत, इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी लाखेचं वार्निश चढवलं. ती चित्रं जपण्यासाठीच केलेलं काम होतं. पुढे ते वार्निश पिवळं-तपकिरी पडलं आणि मूळ रंग त्याखाली झाकोळले. ते उतरवण्याचं नाजूक काम नंतर पुरातत्त्व खात्याला करावं लागलं. माध्यम वेगळं, चित्रं वेगळी, पण वार्निश निवडताना मला ते नेहमी आठवतं. फर्निचरचं वार्निश चित्राला लावू नका. उतरवता येईल असं, चित्रांसाठीचंच घ्या. त्याआधी ग्लॉस मीडियमचा एक सलग पातळ थर द्या, म्हणजे पुढे वार्निश काढताना रंगाला धक्का लागणार नाही.

पातळ चित्राला आठवडाभर आणि जाड थरांच्या चित्राला महिनाभर तरी वाळू द्या. पावसाच्या झडीत वार्निश लावलं तर ते दुधाळ होऊ शकतं. कोरडा दिवस बघा. मॅट वार्निश नीट ढवळलं नाही तरी पांढरे चट्टे येतात.

ब्रश आणि पाणी

सिंथेटिक ब्रश घ्या, रंगवताना ते ओले ठेवा आणि पाण्यात उभे सोडू नका, केस वाकतात. धुण्याआधी फडक्याला पुसून बहुतेक रंग काढून घ्या. मग दोन डबे, पहिल्यात खळबळायचं आणि दुसऱ्यात स्वच्छ करायचं, शेवटी साबण. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं; अशा मुलखात नळ सोडून ब्रश धुणं मला बघवत नाही. डबा रात्रभर तसाच ठेवला की रंगाचा बराचसा गाळ तळाला बसतो. तो मोरीत न ओतता वाळवून कचऱ्यात टाका.

चित्रं एकावर एक ठेवणं

वाळलेला अ‍ॅक्रिलिकही उष्णतेने मऊ होतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीच्या डिकीत चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली तर ती एकमेकांना चिकटतात. वर्तमानपत्रात गुंडाळलं तर अक्षरं चित्रावर उतरतात. मध्ये बेकिंगचा सिलिकॉन कागद घाला, चारही कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे लावून चित्रांत अंतर ठेवा आणि वर वजन टाकू नका. तरीही चिकटलीच तर ओढू नका. एसीच्या खोलीत काही तास ठेवा, फ्रीजमध्ये नको, तिथे रंग ठिसूळ होतो. गारव्याने थर थोडा कडक झाला की एका कोपऱ्यापासून सावकाश सोडवत न्या.