उजळणीचे गेम वर्गात घ्यायचेत? आधी टायमरचं बघा

मी सोलापुरात पूर्व भागातल्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते आणि धडा संपला की उजळणीला कहूट, प्लिकर्स, क्विझिझ असं प्रश्नोत्तरांच्या खेळाचं एखादं अ‍ॅप घेतेच, क्विझिझचं नाव २०२५ मध्ये वेग्राउंड झालंय त्यामुळं शोधताना गोंधळू नका. नवीन शिक्षक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम कुठलं अ‍ॅप चांगलं? अ‍ॅपचं नंतर बघू, आधी टायमरचं सांगते.

कहूटमध्ये बरोबर उत्तर जितकं पटकन तितके पॉइंट जास्त, एका प्रश्नाला १००० पर्यंत. आता आमच्याकडं बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू, शाळेत मराठी. त्यांना गणित येतं, पण मराठी प्रश्न वाचून समजायला जरा वेळ लागतो आणि तेवढ्यात २० सेकंद संपलेले असतात. दोन-तीनदा असं झालं की पोरगं वाचायचंच सोडून देतं, उत्तराचं लाल-निळं जे बटण हाताला येईल ते दाबतं. म्हणजे आपण तपासतोय वाचनाचा वेग आणि रिपोर्टमध्ये दिसतंय की ह्याला अपूर्णांक येत नाहीत, हा त्या पोरावर सरळ अन्याय आहे. म्हणून क्विझिझमध्ये सेटिंगला जाऊन टायमर बंदच करा. कहूटमध्ये प्रत्येक प्रश्नाची वेळ वाढवता येते, अगदी २४० सेकंदांपर्यंत, मी ९० ठेवते आणि प्रश्न स्वतः मोठ्यानं दोनदा वाचते. मधे मधे येणारी नंबरची यादीही झटकन पुढं ढकला, खालच्या नंबरच्या पोरांना ती दर प्रश्नाला दाखवून काही साध्य होत नाही.

आता प्रश्न कसे काढायचे, खरी मेहनत इथं आहे. तयार क्विझ ढीगभर मिळतात पण त्यातले चुकीचे पर्याय बहुतेक वेळा असेच भरतीला टाकलेले असतात. आपला चुकीचा पर्याय असा पाहिजे की तो निवडला की पोराच्या डोक्यात काय चाललंय ते कळलं पाहिजे. माझा एक नेहमीचा प्रश्न आहे, ०.५, ०.३८२ आणि ०.०९ यातली मोठी संख्या कुठली? ०.३८२ निवडणारं पोर दशांश चिन्ह विसरून ३८२ बघतंय. ०.०९ वालं सगळ्यात मोठा अंक शोधतंय, त्याला ९ दिसला की झालं. दोघांची चूक वेगळी, दोघांना समजवायचंही वेगळं. तिसरा चुकीचा पर्याय सुचत नसेल तर तीनच पर्याय ठेवा, काही बिघडत नाही.

आणि उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न नको, इथं थांबायचं. स्क्रीनवर कुठल्या पर्यायाला किती मतं पडली ते दिसतं, तेव्हा बरोबर उत्तरावर बोलायच्या आधी चुकीच्या पर्यायाबद्दल विचारा, पण ते कुणी निवडलं हे अजिबात विचारू नका, एखाद्याला हे उत्तर का वाटलं असेल एवढंच विचारा. मग कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तीनशे ब्याऐंशी मोठंच असतंय ना ओ!" मग मी फळ्यावर ०.५ च्या खाली ०.३८२ लिहिते, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह, आणि ०.५ पुढं दोन शून्य देऊन ०.५०० करते. आता ५०० आणि ३८२. मागून "हां हां" असा आवाज येतो तोच आपला तास. अशा थांबण्यामुळं एका तासात आठच प्रश्न होतात, होऊ द्या, तीस प्रश्न धावत घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

अ‍ॅपबद्दल. वर्गात पोरांकडं फोन नसेल, आणि नसतोच, तर प्लिकर्स. प्रत्येक पोराला एक कागदी कार्ड, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी, उत्तराची बाजू वर धरायची आणि आपण आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुणाचं काय उत्तर ते फोनवर येतं. अक्षरं बारीक असतात आणि नक्षी वेगळी, त्यामुळं शेजारच्याचं बघून धरता येत नाही. झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर काढून घ्या पण लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटची चमक पडली की स्कॅन होत नाही. नक्षीवर बोटं येऊ देऊ नका हे चार-पाच वेळा सांगावं लागतं. प्रोजेक्टर नसला तरी चालतं, प्रश्न फळ्यावर लिहा.

शाळेत टॅब असतील तर चौघांत एक द्या, पण आधी प्रत्येकानं आपलं उत्तर वहीत लिहायचं, मग चौघांनी बोलून एक ठरवायचं आणि मगच दाबायचं. ही वहीची पायरी गाळली की गटातलं हुशार पोरगं एकटंच खेळतं आणि बाकी तिघं बघत बसतात.

ब्लूकेट हे असंच आणखी एक अ‍ॅप, पोरांना फार आवडतं. पण त्यातल्या गोल्ड क्वेस्टमध्ये पेटी उघडून दुसऱ्याचं सोनं पळवता येतं, निम्मं नशिबावर असतं आणि पोरांचं लक्षही पळवापळवीतच. गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला मजा म्हणून घ्या, कुणाला काय येतं ते मात्र त्यावरून ठरवू नका.

ऑनलाइन तासाला वेगळीच पंचाईत. एकाच फोनवर गूगल मीट चालू आणि त्याच फोनवर क्विझ उघडायची, साध्या फोनवर एक उघडलं की दुसरं बंद पडतं. म्हणून लाइव्ह तासात मी अ‍ॅप घेतच नाही, चॅटवर भागवते. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी उत्तर टाइप करून ठेवायचं पण पाठवायचं नाही, मी "आता" म्हटलं की सगळ्यांनी एकदम सेंड. कुणी कुणाचं बघून लिहीत नाही, नेट फारसं लागत नाही आणि गप्प बसणारी पोरंही लिहितात.

क्विझिझ मग घरी. होमवर्क मोडमध्ये लिंक द्यायची आणि मुदत कमीत कमी दोन दिवसांची ठेवायची, कारण फोन बाबांचा असतो, ते कारखान्यावरून रात्री येतात, आणि घरात तीन भावंडं असली की नंबर लावावा लागतो. रात्री आठची मुदत टाकणं म्हणजे ज्यांच्याकडं स्वतःचा फोन आहे त्यांचीच परीक्षा घेणं. लिंकचा क्यूआर कोड काढून वहीत चिकटवला तर ग्रुपवर शोधाशोध करावी लागत नाही. क्यूआर आपल्या जिल्ह्याला काही नवा नाही, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले सर पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामामुळंच जगभर पोचले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. आणि नावाच्या जागी हजेरी नंबर लिहायला सांगा, पोरांची पूर्ण नावं बाहेरच्या साइटवर जायचं कारण नाही.

मुख्याध्यापक किंवा पालक म्हणाले की हे खेळच चाललेत, तर त्यांना २००६ चा रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग सांगा. एक उतारा काहींनी पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. पोरांची परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

म्हणूनच क्विझ झाली की रिपोर्ट उघडा, सगळ्यात जास्त चुकलेले तीन प्रश्न वेगळे काढा, आकडे बदला आणि पुढच्या आठवड्यातल्या गेममध्ये सुरुवातीलाच टाका. त्यातला जो प्रश्न परत चुकेल त्याच्यासाठी गेम बंद करून एक अख्खा तास फळ्यावर द्या.