टॉप-अपचं मीटर काढून बिलाचं मीटर घेताना

फोटो. यादीतली पहिली गोष्ट हीच. ब्रिटनमध्ये आधी पैसे भरून चालणारं वीज-गॅसचं मीटर काढून, वापरानंतर बिल येणारं मीटर घेताना काय करायचं, त्याची ही यादी. जुन्या मीटरच्या पडद्यावर उरलेली रक्कम, रीडिंग आणि उधारी अशी तीन वेगवेगळी पानं येतात. तिन्हींचे फोटो काढा, विजेच्या मीटरचे वेगळे आणि गॅसच्या मीटरचे वेगळे. घाईत असाल तर पुढचं नंतर वाचा, पण एवढं आत्ताच लक्षात ठेवा.

आमच्या लेस्टरच्या घरात जिन्याखालच्या कपाटात विजेचं चावीचं आणि गॅसचं कार्डाचं मीटर होतं, म्हणजे दुकानात चावीवर किंवा कार्डावर पैसे भरायचे आणि ते मीटरमध्ये घालायचं. इंजिनियर आला, दोन्ही जुनी मीटरं काढून घेऊन गेला आणि नवी बसवली. गॅसच्या मीटरवर तेव्हा ३८ पौंड शिल्लक होते, थंडीसाठी भरून ठेवलेले. कंपनीने विचारलं, पुरावा आहे का? आकडा मीटरच्या पडद्यावर होता आणि मीटर गेलं होतं. वर नव्या खात्याचं पहिलं रीडिंग त्यांनी अंदाजाने टाकलं, तेही जास्तीचं. दोन्ही गोष्टी निस्तरायला पाच महिने गेले. आता भाची नॉटिंगहॅमला याच फेऱ्यातून जाते आहे, म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

मुळात मीटर का बदलायचं, हे आधी पक्कं करा. प्रीपेमेंट, म्हणजे टॉप-अपचं मीटर, महाग पडतं ही समजूत आता जुनी झाली. एप्रिल २०२४ पासून ऑफजेमने (वीज-गॅस कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) प्रीपेमेंट आणि डायरेक्ट डेबिटचा (बँकेतून दरमहा आपोआप रक्कम कापली जाते तो) स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर नसला तरी रोज लागणारा ठरावीक आकार, बरोबरीला आणला आहे. ऑफजेमच्या कमाल दरात सगळ्यात महाग पडतं ते बिल आल्यावर दरवेळी हाताने पैसे भरणं. म्हणजे बिलाचं मीटर घेऊन डायरेक्ट डेबिट लावणार नसाल, तर उलट जास्त पैसे जातील. बदलण्याची खरी कारणं दुसरी आहेत: रविवारी रात्री पाच पौंडांसाठी टॉप-अप करून देणारं पेपॉइंटचं दुकान शोधत फिरावं लागत नाही, आणि ठरावीक दराचे करार बहुतेक डायरेक्ट डेबिटवाल्यांनाच मिळतात. घरात तान्हं मूल असेल किंवा फ्रिजमध्ये कुणाचं इन्सुलिन असेल, तर कंपनीला फोन केल्यावर ते पहिल्या वाक्यात सांगा आणि प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर, म्हणजे जास्त काळजीची गरज असलेल्या घरांच्या कंपनीच्या यादीत, नाव घालायला सांगा. अशा घराला प्रीपेमेंट सोयीचं नसेल, तर दुसरी सोय करणं कंपनीचं काम आहे.

मग उधारी. ती फेडल्याशिवाय बहुतेक कंपन्या मीटर बदलत नाहीत. आमची काही उधारी नाही असं म्हणू नका, पडद्यावर बघा. उन्हाळ्यात हीटिंग बंद, गॅसचं कार्ड महिनोन् महिने घातलेलं नाही, पण स्टँडिंग चार्ज रोज चढतच असतो. शून्य वापरावरही पंचवीस-तीस पौंड साचतात. आणि घर भाड्याने घेतल्यावर खणात सापडलेली जुनी चावी तशीच वापरत असाल, तर आजच थांबा. आधीच्या भाडेकरूची उधारी त्या चावीवर असेल, तर तुमच्या टॉप-अपमधून दर आठवड्याला ती कापली जाते. कंपनीला राहायला आल्याची तारीख कळवा, भाडेकरार दाखवा आणि तुमच्या नावाची नवी चावी मागा. बघितलेल्या प्रत्येक पडद्याचा फोटो, हो, याही वेळी.

क्रेडिट चेक होतो, म्हणजे तुम्ही पैसे वेळेवर फेडता का याच्या जुन्या नोंदी कंपनी तपासते. भारतातून नुकतं आलेल्यांचं गाडं इथेच अडतं, कारण कागदोपत्री इथला इतिहासच नसतो. एक सोपी गोष्ट आपल्यातले पुष्कळ जण करत नाहीत: रीतसर व्हिसावर इथे राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून मतदार यादीत नाव घालू शकतो. नाव घाला, क्रेडिटच्या नोंदीला त्याची मदत होते. तरीही नकार आला तर डिपॉझिट घेऊन कराल का असं विचारा, नाहीतर दुसऱ्या कंपनीत चौकशी करा.

घरमालकाला कळवा, फोनवर नको, लेखी. बिल तुम्ही भरत असाल तर मीटर बदलता येतं, पण करारात काय लिहिलंय ते वाचा. घर सोडताना मीटर पूर्ववत करून द्या, अशी अटही असू शकते.

कंपनीला विचारायच्या गोष्टी तीन. खर्च लागणार का? मोठ्या कंपन्या सहसा घेत नाहीत. मीटर स्मार्ट, म्हणजे रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणारं, असेल तर इंजिनियर न पाठवता तिकडूनच ते टॉप-अपवरून बिलावर बदलता येतं का? बहुतेक वेळा येतं. आणि मीटरवर उरलेले पैसे कुठे जमा होणार, किती दिवसांत? तिसऱ्याचं उत्तर ईमेलवर मागून घ्या.

भेट ठरली की मोठा टॉप-अप करू नका. शिल्लक पाच-सात पौंडांवर आणा, पण इमर्जन्सी क्रेडिटमध्ये (शिल्लक संपल्यावर मीटर उधार देतं ती रक्कम) जाऊ देऊ नका, नाहीतर तीही उधारीच धरली जाते. दुकानात चावीवर भरलेले पैसे चावी मीटरमध्ये घातल्याशिवाय मीटरवर चढत नाहीत. खिशातल्या चावीत दहा पौंड राहिले आणि मीटर निघून गेलं, तर पुन्हा तोच फेरा.

त्या दिवशी सकाळी, इंजिनियर यायच्या आधी, फोटो. आमच्या मीटरला निळं बटण होतं, ते दाबत गेलं की एकेक पान पुढे सरकायचं. टॉर्च लावा, आकडा स्पष्ट वाचता येईल इतकं जवळ जा, आणि मीटरवर छापलेला सीरियल नंबर एका तरी फोटोत येऊ द्या. इंजिनियर बिचारा चांगला असतो, घाईत असतो, तो लिहून घेईल असं समजून बसू नका. मीटर भिंतीवर आहे तोवरच हे होतं, नंतर नाही. फोटो काढून झाले की घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा.

कपाट रिकामं करा, घरात कुणीतरी मोठं माणूस असू द्या, वीज थोडा वेळ जाणार म्हणून लॅपटॉप बंद करा. गॅसचं उपकरण धोकादायक दिसलं तर इंजिनियर ते बंद करून जाऊ शकतो, तेव्हा जुना बॉयलर आधी तपासून घ्या.

नवं मीटर बसलं की त्याचाही फोटो: सीरियल नंबर आणि सुरुवातीचं रीडिंग. पहिल्या बिलावरचा नंबर त्याच्याशी ताडून बघा, फ्लॅटच्या इमारतीत कधी कधी शेजाऱ्याचं मीटर तुमच्या नावावर लागतं. डायरेक्ट डेबिटची रक्कम अंदाजाची असते. स्मार्ट मीटर नसेल तर दर महिन्याला रीडिंग द्या. बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचं बिल मागून लावता येत नाही. तक्रार केल्यावर आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ऑम्बड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा, फुकट आहे. तिथेही आधी फोटोच मागतात.