‘शकलो’ म्हणजे दरवेळी ‘कुड’ नव्हे
मराठीतलं ‘शकलो’ इंग्रजीत आणताना हात आपोआप ‘कुड’कडे जातो, आणि तिथेच गडबड होते. ‘कुड’ पूर्वी अंगात असलेली क्षमता सांगतं: ‘आय कुड स्विम ॲट फाइव्ह.’ पण एखादी गोष्ट त्या एका प्रसंगी प्रत्यक्ष जमली असेल, तर ‘वॉज एबल टू’ हवं: ‘द डोअर वॉज लॉक्ड, बट आय वॉज एबल टू गेट इन.’ इथे ‘कुड’ खटकतं. नकारात मात्र ‘कुडन्ट’ दोन्हीकडे बिनधास्त चालतं. ‘सी’, ‘हिअर’ यांच्यासोबत त्या एका प्रसंगासाठी ‘कुड’सुद्धा चालतं.

परवानगीत आणखी एक गंमत आहे. ‘कुड आय लीव्ह अर्ली?’ हा नम्र प्रश्न, पण परवानगी देताना ‘यस, यू कॅन’च म्हणायचं, ‘यू कुड’ नाही.