बिटकॉइनच्या आधीची कागदपत्रं: मजकुराबरोबर तारीखही जपा

बिटकॉइनचा नऊ पानी मूळ निबंध नेटवर कुठेही मिळतो, मग तो जपून ठेवायचं काय? एकदा डाउनलोड करा आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीज उघडा. फाइल तयार झाल्याची तारीख २४ मार्च २००९ दिसेल. निबंध जाहीर झाला ३१ ऑक्टोबर २००८ ला. म्हणजे सगळीकडे फिरणारी प्रत पाचेक महिन्यांनंतरची आहे. फरक किरकोळ आहेत, पण 'मूळ प्रत' म्हणून आपण जे दाखवतो ते मूळ नाही, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

तारखांना एवढं महत्त्व का, ते लंडनच्या हायकोर्टात दिसलं. बिटकॉइनचा निबंध सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिलेला आहे; आपणच सातोशी असल्याचा दावा करणारे क्रेग राइट सातोशी नव्हेत, असं कोर्टाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं आणि पुढच्या सविस्तर निकालात त्यांची कागदपत्रं बनावट असल्याचं नोंदवलं. म्हणून संग्रह करायचा तर मजकूर, त्याची तारीख आणि तो कुठून आला, तिन्ही एकत्र ठेवायचं. नुसता मजकूर म्हणजे ऐकीव गोष्ट.

काय गोळा करायचं

निबंधाच्या शेवटी आठ संदर्भ आहेत, तिथून सुरुवात करा. त्यातले तीन स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांचे, एकात डेव्ह बायर सोबत. डिजिटल दस्तऐवजावर तारखेचा न पुसता येणारा शिक्का कसा मारायचा, हा त्यांचा १९९१ चा प्रश्न. बाकीच्यांत वेई दाईचा डिजिटल पैशाचा आराखडा बी-मनी (१९९८), ॲडम बॅकची स्पॅम ईमेल रोखायची युक्ती हॅशकॅश (घोषणा १९९७, निबंध २००२) आणि क्रिप्टोग्राफर राल्फ मर्कल यांचा निबंध.

पण संदर्भांची यादी म्हणजे वंशावळ नव्हे. डेव्हिड चॉमचं आंधळ्या सहीवरचं (मजकूर न दाखवता त्यावर सही घेण्याच्या पद्धतीवरचं) १९८२ चं काम त्या यादीत नाही. निक झाबोची डिजिटल सोन्याची कल्पना बिट गोल्ड नाही, हॅल फिनीची २००४ ची आरपाऊ (हॅशकॅशसारखी टोकनं पुन्हा वापरता येण्याची सोय) नाही, सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांचा १९९२ चा निबंधही नाही, आणि हॅशकॅशची मूळ कल्पना तर त्यातच सापडते. बी-मनीचा उल्लेख सातोशीने ॲडम बॅकने सांगितल्यावर केला, हे ऑगस्ट २००८ च्या ईमेलवरून कळतं. म्हणून प्रत्येक लेखाला दोन नोंदी जोडा: 'यात कोणाचा उल्लेख आहे' आणि 'कोणाचा असायला हवा होता, पण नाही'. दुसरी नोंद जास्त कामाची.

विचारांच्या बाजूने टिमथी मे यांचा क्रिप्टो-अराजकतेचा जाहीरनामा (१९८८) आणि एरिक ह्यूज यांचा सायफरपंकांचा (खासगीपणासाठी कूटलेखन वापरणाऱ्यांचा) जाहीरनामा (९ मार्च १९९३) घ्या. शिवाय बिटकॉइनच्या पहिल्या आवृत्तीचा सोर्स कोडही घ्या. तोही लेखनच आहे आणि त्यातल्या कॉमेंट वाचण्यासारख्या आहेत.

स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत ठेवायला आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. ती प्रत पुन्हा जाहीर करणं मात्र वेगळं प्रकरण.

जसं आहे तसं उतरवणं

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहीत: यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया. जसं पाहिलं तसंच उतरवलं. इथेही नियम तोच, आणि तो मोडतो नकळत.

जुनी ईमेल आणि जाहीरनामे साध्या टेक्स्टमध्ये आहेत. अशी फाइल वर्डमध्ये उघडून तिच्यात काही टाइप केलं की सरळ अवतरणचिन्हं वाकडी होऊ शकतात, दोन हायफनांचा डॅश होऊ शकतो. विंडोजवरचा एखादा एडिटर ओळीच्या शेवटचं चिन्ह बदलतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण फाइल दुसरी झालेली असते. मजकुराखाली पीजीपी सही (मजकूर कोणाचा आणि तो बदललेला नाही, हे दाखवणारी डिजिटल सही) असेल तर अवतरणचिन्हं किंवा डॅश बदलल्यावर ती पडताळणीत नापास होते आणि खरा कागद खोटा ठरतो. म्हणून फाइल डाउनलोड होताच तिला 'रीड ओन्ली' करा. वाचायला, खुणा करायला वेगळी प्रत काढा.

ईमेल घेताना हेडरसकट (कोणाकडून, कधी, कुठून आली त्या ओळींसकट) घ्या, स्क्रीनशॉट चालणार नाही. वेबपान घेताना ब्राउझरच्या 'सेव्ह ॲज'वर विसंबू नका, वार्क (WARC) या वेबपानं जपण्याच्या स्वरूपात साठवा. त्यात सर्व्हरने दिलेलं उत्तर आणि घेतल्याची वेळ, दोन्ही राहतं. डब्ल्यूगेट (wget) या डाउनलोडच्या प्रोग्राममध्ये त्याचा पर्याय आहे. शिवाय तेच पान वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवरही साठवून घ्या, म्हणजे तुमच्याखेरीज दुसरा साक्षीदार झाला.

मग लगेच हॅश काढा, म्हणजे फाइलीचा बोटाच्या ठशासारखा आकडा; एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. विंडोजवर सर्टयुटिल (certutil), लिनक्सवर शा२५६सम (sha256sum). दोन्ही आधीपासून असतात. प्रचलित निबंधाची फाइल १,८४,२९२ बाइटची आहे आणि तिचा शा-२५६ हॅश 'बी१६७४१९१' (b1674191) असा सुरू होतो. तुमचा तसा येत नसेल तर मध्ये कोणीतरी फाइल पुन्हा सेव्ह केलेली आहे, किंवा तुमच्या हाती वेगळी आवृत्ती लागली आहे. दुसरं असेल तर टाकू नका, वेगळ्या नावाने ठेवा! तुलनेसाठी एक पक्की प्रत बिटकॉइनच्या साखळीतच, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीतच आहे: ब्लॉक क्रमांक २,३०,००९ मधल्या एका व्यवहारात अख्खी पीडीएफ कोंबलेली आहे.

तारखेची भानगड

झाबोच्या बिट गोल्डच्या पानावर तारीख २७ डिसेंबर २००८ दिसते, म्हणजे बिटकॉइनच्या निबंधानंतरची. पत्त्याच्या ओळीत मात्र २००५ आणि १२ हे आकडे आहेत. लेख २००५ चाच आहे, तारीख नंतर बदलली गेली. फक्त पान छापून ठेवणाऱ्याकडे चुकीचा पुरावा राहील. म्हणून 'पानावर छापलेली तारीख' आणि 'पुराव्याने ठरणारी तारीख' असे दोन रकाने ठेवायचे आणि पहिल्यात कधीही दुरुस्ती करायची नाही.

दुसरा घोळ वेळेचा. बिटकॉइनची पहिली आवृत्ती ८ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे दुपारी अडीचच्या सुमारास जाहीर झाली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून ९ जानेवारी लागली होती. पहिल्या ब्लॉकवरची वेळ ३ जानेवारीची, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) १८:१५:०५, म्हणजे आपल्या रात्री पावणेबाराची. तिथे तारीख थोडक्यात वाचली. सगळ्या नोंदी यूटीसीमध्ये करा, भारतीय वेळ शेजारी लिहा.

तुमचा संग्रह आज अस्तित्वात होता हे पुढे सिद्ध करायचं असेल तर सगळ्या हॅशांची एक यादी करून तिच्यावर ओपनटाइमस्टॅम्प्स या सेवेचा तारखेचा शिक्का घ्या. फुकट आहे. पक्का पुरावा बिटकॉइनच्या ब्लॉकमध्ये जायला काही तास लागतात. ते झाल्यावर पुराव्याची छोटी फाइल 'अपग्रेड' करायला विसरू नका, नाहीतर ती त्या सेवेच्या कॅलेंडर सर्व्हरवर (मधल्या काळात नोंद सांभाळणाऱ्या) अवलंबून राहते. या शिक्क्याने 'या तारखेच्या आधी हे होतं' एवढंच ठरतं. २००८ साली होतं, हे नाही. हेबर आणि स्टॉर्नेटा यांची युक्ती त्यांच्याच निबंधाच्या रक्षणाला लागते, हा त्यातला गमतीचा भाग.

मुंबईच्या हवेत कागद आणि डिस्क

मुख्य पन्नासेक लेख छापून ठेवा. लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई जुलैच्या दमटपणात पसरते. कागद ॲसिड-फ्री, ८० ते १०० जीएसएम. दुकानदार 'बाँड' म्हणून देईल तो ॲसिड-फ्री असेलच असं नाही, रिमवर तसं छापलेलं बघून घ्या. लेख अमेरिकन लेटर आकारात असेल तर तो ए४ पेक्षा ६ मिलीमीटर रुंद असतो, त्यामुळे ९७ टक्क्यांवर छापा, नाहीतर कडेची अक्षरं कापली जातात. प्रत्येक लेखाच्या शेवटच्या पानावर पूर्ण हॅश छापा.

स्टेपलर वापरू नका. इथे दोन पावसाळ्यांत पिन गंजते आणि तांबूस डाग चार पानं आत उतरतो. सुती दोऱ्याने शिवा. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा काढता येत नाही.

वीस लिटरचा रबरी कडांचा हवाबंद डबा, आत नारिंगी सिलिका जेलची २०० ते २५० ग्रॅमची पुरचुंडी आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. तीसच्या खाली गेला तर जेल कमी करा, कागद ठिसूळ होतो. डबा जानेवारी-फेब्रुवारीत भरा. ऑगस्टमध्ये भरलात तर पावसाळ्याची हवाच आत कोंडली जाते आणि गणपती उठेपर्यंत बुरशीचा वास येतो. डबा लॉफ्टवर नको, वरच्या मजल्याची गळती आधी तिथेच येते. बाथरूमच्या भिंतीला लागूनही नको.

डिजिटल प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. लॅमिंग्टन रोडवर एकाच दिवशी एकाच कंपनीच्या दोन हार्ड डिस्क घेऊ नका; एकाच खेपेतल्या डिस्क बऱ्याचदा एकत्रच आजारी पडतात. पेनड्राइव्ह प्रत म्हणून मोजू नका, वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास त्यातला मजकूर झिजतो. घराबाहेरची प्रत मुंबईबाहेरच असावी, नाशिकला, कोल्हापूरला, जिथे कोणी नात्यातलं असेल तिथे. दादर आणि परळ एकाच पावसात बुडतात.

वर्षातून एकदा, डबा उघडायच्या वेळीच, सगळ्या फाइलींचे हॅश यादीशी पडताळा. एखादा जुळला नाही तर त्या प्रतीवर लगेच नवी फाइल चढवू नका. आधी बाकीच्या दोन प्रती तपासा. त्या दोन्ही जुळत असतील तर तिथून आणा, बिघडलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तारीख घालून नोंद करा. तिन्ही जुळत नसतील तर बहुधा यादीच कोणीतरी हलवली आहे. टाइमस्टॅम्प घेतलेली यादी काढून तिच्याशी जुळवा.