जांभळाची पूड घेताय? या चुका टाळा

मे-जूनमध्ये खानापूर-जांबोटीकडची जांभळं बेळगावच्या बाजारात येतात आणि घरोघरी मधुमेहावरच्या पुडीसाठी बिया वाळत पडतात. शेजारच्या कन्नड काकूही 'नेरळे हण्णु तिन्री' म्हणून मागे लागतात. खा की, मूठभर जांभळांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पूड सुरू झाली की गोळी बंद. बियांनी साखर थोडीफार उतरू शकते, पण इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड नव्यानं कामाला लागतं असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार करा. इन्सुलिनवरच्या लेकराचं इंजेक्शन तर एक वेळही चुकवायचं नाही.

याच्या उलटही होतं, साखर फारच उतरते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू, वर उपाशीपोटी कारल्याचा रस, त्यावर पूड. मग अकराच्या सुमारास घाम फुटतो, हात थरथरतात आणि घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल. साखरेच्या मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.

पूड कुबट का होते? गर नीट न धुता बिया पावसाळी हवेत अर्धवट वाळवल्या म्हणून. नीट वाळलेलं बी कट्कन फुटतं, नख रुतलं तर आत ओल आहे. बुरशी आलेली पूड भाजून वापरू नका, टाकून द्या.

मोरावळा आवळ्याचा खरा, पण मुरतो साखरेच्या पाकात. जांभळाच्या सरबताचंही तेच, आणि गूळ सेंद्रिय असला म्हणून साखर चुकत नाही. दुधीचा रस कडू लागला तर मात्र लगेच थुंका. त्यातल्या विषारी द्रव्यानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत.

पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी जोराची कळ आणि उलट्या असतील तर काढा उकळत बसू नका. स्वादुपिंडाला सूज असू शकते, इस्पितळच गाठावं लागतं.

पुडीचा गुण येतोय का, हे लघवीला मुंग्या लागतात का ते बघून ठरत नाही. एचबीए१सी ही रक्ततपासणी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, ती आधी आणि नंतर तपासा. डॉक्टरांकडे जाताना पुडीचं पाकीटही न्या. 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकलेल्या काही पुड्यांत मधुमेहाच्या ॲलोपॅथी गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत.